स्वादुपिंडाचे जुने दुखणे: दुर्बीण, शस्त्रक्रिया की औषधेच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घकालीन स्वादुपिंडदाह, म्हणजे ज्याला रुग्णांच्या बोलण्यात 'क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस' म्हणतात, त्याचे निदान झालेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या घरच्यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिणारा पोटविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी पाहणारा डॉक्टर आहे. काही ठिकाणी त्याचे स्वतःचे मत आले आहे आणि ते मत म्हणूनच मांडले आहे. हे वाचून स्वतःचे औषध सुरू किंवा बंद करू नये. तुमचा सीटी स्कॅन ज्यांनी पाहिला आहे त्यांच्याशी बोलताना ही उत्तरे हाताशी असावीत, एवढ्यासाठीच ती लिहिली आहेत.

हे दुखणे नेमके कशामुळे होते?

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली सुमारे १५ सेंटीमीटर लांबीची ग्रंथी आहे. त्यामुळेच दुखणे वरच्या पोटात सुरू होऊन आरपार पाठीत जाते, जेवणानंतर वाढते, आणि पुढे वाकून बसल्यावर किंवा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडल्यावर थोडे हलके होते. वर्ष-दोन वर्षे 'ॲसिडिटी' म्हणून गोळ्या घेतल्यावर मगच निदान झाले, असे सांगणारे रुग्ण आम्हाला दर आठवड्याला भेटतात.

दुखण्यामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात आणि पुढचा सगळा निर्णय या दोहोंतील फरकावर उभा आहे. पहिली गोष्ट नळीतला अडथळा. स्वादुपिंडाच्या मधून पाचकरस वाहून नेणारी, एरवी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची मुख्य नळी खड्यांनी किंवा व्रणामुळे आकसून तुंबते, तिच्यामागचा भाग फुगतो आणि आतला दाब वाढतो. दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. वर्षानुवर्षे दाह होत राहिला की ग्रंथीतील मज्जातंतू जाड आणि हळवे होतात, आणि पुढे पाठीच्या मज्जारज्जूत व मेंदूतही वेदनेची नोंद घेण्याची पद्धत बदलते. मग मूळ अडथळा दूर केला तरी दुखणे चालूच राहू शकते. दुर्बीण काय किंवा सुरी काय, दोन्हींचा उपयोग प्रामुख्याने पहिल्या गोष्टीवर होतो.

सोनोग्राफीत खडे आले आहेत. ते काढले की दुखणे जाईल ना?

जाईलच असे नाही. प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो: हे पित्ताशयातले खडे नव्हेत. पित्ताशय काढून टाकता येते आणि प्रश्न मिटतो. स्वादुपिंडातले खडे मात्र आजाराचे मूळ नसून बहुधा त्याचा परिणाम असतात. चुन्यासारखे टणक असे हे खडे पोटाच्या साध्या एक्स-रेतही कण्याच्या आजूबाजूला पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. रुग्ण पिशवीतून फिल्म काढून खिडकीकडे धरतात, ठिपके मोजतात आणि 'एवढे सगळे कसे काढणार' असे विचारतात. खरे पाहता ठिपक्यांच्या संख्येला फारसे महत्त्व नसते. मुख्य नळीत, विशेषतः डोक्याच्या (म्हणजे ग्रंथीच्या लहान आतड्याला लागून असलेल्या जाड टोकाच्या) बाजूला, बसलेला एकच खडा सगळी नळी तुंबवू शकतो, आणि ग्रंथीच्या मांसल भागात विखुरलेले पन्नास खडे कोणाच्याही वाटेत नसतात. म्हणून 'खडे किती' यापेक्षा 'मुख्य नळी फुगली आहे का, आणि कोणत्या जागेच्या मागे फुगली आहे' हे विचारावे.

खडे आहेत, नळीही फुगलेली आहे, पण मला दुखतच नाही. तरी काही करून घ्यावे का?

केवळ दुखू नये म्हणून, किंवा पुढे मधुमेह होऊ नये म्हणून, न दुखणाऱ्या स्वादुपिंडावर प्रक्रिया करण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही. नियमित तपासणी करावी, दारू आणि धूम्रपान पूर्ण थांबवावे, एवढे पुरेसे असते. पण खडे नसताना नळी फुगलेली असेल, किंवा ती एकाच ठिकाणी अचानक थांबल्यासारखी दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे आधी गाठ नाही ना, याची खात्री करावी लागते.

'दुर्बिणीतून करू' असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑपरेशन नाही ना?

हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बरेच घोटाळे होतात. एक दुर्बीण तोंडावाटे आत जाते; पोटावर एकही छेद पडत नाही. तिला ईआरसीपी म्हणतात आणि ती पोटविकारतज्ज्ञ करतात. दुसरी दुर्बीण पोटावर छोटी छिद्रे पाडून आत घालतात. ती लॅप्रोस्कोपिक शस्त्रक्रिया होय आणि ती शल्यचिकित्सक करतात. घरी आल्यावर एकाने 'फक्त दुर्बीण आहे' म्हणून निश्चिंत व्हावे आणि दुसऱ्याने 'पोट फाडणार' म्हणून घाबरावे, असे एकाच रुग्णाच्या घरात घडलेले पाहिले आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी 'तोंडातून की पोटातून' हे सरळ विचारावे.

तोंडातून करायच्या उपचारात काय काय होते?

मुख्य नळीतला खडा पाच मिलिमीटरपेक्षा मोठा असेल आणि एक्स-रेत दिसत असेल, तर तो तसाच ओढून काढता येत नाही. आधी तो फोडावा लागतो. त्यासाठी शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देतात. या पद्धतीला लिथोट्रिप्सी किंवा ईएसडब्ल्यूएल म्हणतात, आणि मूत्रपिंडाच्या खड्यांमुळे हे नाव पुष्कळांना माहीत असते. धक्के पाठीत बधिरतेचे इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन दिले जातात. एका बैठकीत काही हजार धक्के बसतात आणि खड्याचा तीन मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा होईपर्यंत बैठका पुन्हा कराव्या लागतात. त्यानंतर ईआरसीपी करून नळीचे तोंड थोडे रुंद करतात, चुरा काढतात, आणि नळी आकसलेली असल्यास आत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात.

खरा गुंता स्टेंटपासून सुरू होतो. आकसलेली नळी रुंद राहावी म्हणून स्टेंट साधारण वर्षभर ठेवावा लागतो, आणि प्लास्टिकचा स्टेंट तुंबत असल्याने तो काही महिन्यांनी बदलावा लागतो. म्हणजे 'एकदा जाऊन येतो' असा हा उपचार नव्हे. हे वर्षभराचे वेळापत्रक आहे. प्रत्येक ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला नव्याने सूज येणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे, हे धोके असतात. दुखणे थांबले म्हणून स्टेंट आत विसरून गेलेले रुग्णही येतात. दोन-तीन वर्षांनी तो काढताना नळीत रुतलेला सापडतो. स्टेंट काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर असतेच, पण ते कार्ड कपाटात जाते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी, हे आम्ही आता प्रत्येकाला सांगतो.

या उपचाराने खरोखर फरक पडतो का?

याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आपल्या शेजारच्याच शहरातून, हैदराबादहून आले आहे. मराठवाडा आणि सोलापूरकडील अनेक रुग्ण या उपचारासाठी तेथेच जात असल्याने ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तेथील एका चाचणीत १०६ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला खरी लिथोट्रिप्सी व ईआरसीपी मिळाली. दुसऱ्या गटाला सगळा सोपस्कार तसाच, पण प्रत्यक्ष उपचार न करता. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १२ आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटाचे दुखणे शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सरासरी ०.७ ने अधिक कमी झाले होते. २४ आठवड्यांनी हा फरक टिकला नाही.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहे असा आम्ही लावत नाही. सरासरीत खूप बरे वाटलेले आणि अजिबात बरे न वाटलेले असे दोन्ही रुग्ण मिसळलेले असतात, आणि नळी पूर्ण मोकळी झालेल्यांना लाभ अधिक होतो असे अनुभव आणि इतर अभ्यास सांगतात. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: खोट्या प्रक्रियेनंतरही लोकांना बरे वाटले होते. दुखणे वर-खाली होत असते, माणूस ते शिगेला पोहोचले की दवाखान्यात येतो, आणि त्यानंतर ते आपसूकही थोडे उतरते. 'माझ्या मेव्हण्याला त्याने फरक पडला' हे वाक्य ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेत काय करतात? स्वादुपिंड काढून टाकतात का?

बहुतेक वेळा पूर्ण काढत नाहीत. नळी सर्व लांबीत फुगलेली असेल, तर ती उभी चिरून उघडतात, खडे हाताने वेचतात आणि तिला लहान आतड्याचा एक वेटोळा शिवून देतात. यापुढे रस डोक्याकडच्या अरुंद तोंडातून न जाता सरळ आतड्यात पडतो. ही पद्धत १९६० पासून रूढ आहे. स्वादुपिंडाचे डोके सुजून मोठे झालेले असेल, तर नुसती नळी उघडून भागत नाही. डोक्याचा आतला भाग पोखरून काढावा लागतो आणि मग तीच जोडणी करतात. हिला फ्रे यांची शस्त्रक्रिया म्हणतात आणि भारतात ती पुष्कळ ठिकाणी होते. डोक्यात कर्करोगाची शंका असेल तरच डोके, लहान आतड्याचा पहिला भाग आणि पित्तनळीचा काही भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रामुख्याने विचारात घेतात.

अशा शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या केंद्रांत नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका शंभरात एक-दोन किंवा त्याहून कमी धरला जातो. जखम चिघळणे, जोडणीतून गळती, रक्तस्राव, पोट उशिरा सुरू होणे अशा लहानमोठ्या अडचणी त्याहून बऱ्याच जास्त जणांना येतात. रुग्णालयात साधारण आठवडा ते दहा दिवस, आणि अंगमेहनतीच्या कामावर परतायला दीड-दोन महिने धरून चालावे. 'तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता' हा प्रश्न शल्यचिकित्सकाला विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चांगल्या शल्यचिकित्सकाकडे त्याचे उत्तर तयार असते.

आधी दुर्बीण करून पाहू, नाही जमले तर शस्त्रक्रिया आहेच. हे शहाणपणाचे नाही का?

वरकरणी आहे, आणि बहुतेक कुटुंबे याच क्रमाने जातात. लहान उपायाने भागत असेल तर मोठ्याला हात का घालावा, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. मात्र या क्रमाची तपासणी नेदरलँड्समध्ये दोनदा झाली आहे आणि दोन्ही वेळा तो क्रम मागे पडला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी पूर्ण किंवा अंशतः आराम मिळालेले रुग्ण दुर्बिणीच्या गटात ३२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ७५ टक्के होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'एस्केप' हा अभ्यास ८८ रुग्णांचा. त्यात एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्या गटात आधी औषधे, मग दुर्बीण, आणि तरीही न भागल्यास शस्त्रक्रिया असा चढता क्रम ठेवला. १८ महिन्यांच्या काळातील वेदनेचा सरासरी गुणांक, शून्य ते शंभर या पट्टीवर, लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत ३७ आणि दुसऱ्या गटात ४९ होता. आराम मिळालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५८ आणि ३९ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. 'एस्केप'मधील सर्व रुग्णांची नळी फुगलेली होती आणि त्यांना अफूवर्गीय वेदनाशामके सुरू करून फार दिवस झालेले नव्हते. म्हणून नळी न फुगलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष लागू होत नाहीत. दुसरे म्हणजे शस्त्रक्रियेच्या गटातही शंभरातल्या चाळीसेक जणांना पुरेसा आराम मिळाला नाही. शस्त्रक्रिया हा रामबाण उपाय नव्हे, हे याच अभ्यासातून दिसते.

आमचे मत असे आहे. डोक्याच्या बाजूला एक-दोन फोडता येण्याजोगे खडे असतील, नळी फारशी आकसलेली नसेल, किंवा हृदयविकारासारख्या कारणाने भूल धोक्याची असेल, तर दुर्बिणीने सुरुवात करणे योग्य आहे. पण दुर्बिणीचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नीट हिशेब मांडावा, आणि पुरेसा आराम नसेल तर पुढचा स्टेंट टाकण्यापूर्वी शल्यचिकित्सकाची गाठ घ्यावी. 'आता आलाच आहात तर बदलून टाकू' असे म्हणत सहावा-सातवा स्टेंट बदललेले रुग्ण जेव्हा शस्त्रक्रियेसाठी पाठवले जातात, तेव्हा उशीर झालेला असतो. डोक्यात मोठी सूज असेल किंवा नळीभर खडे असतील, तर आम्ही पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा विषय काढतो.

उशीर म्हणजे किती उशीर?

दिवस मोजून सांगता येणारी सीमा नाही. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासांत तीन गोष्टी आढळल्या: लक्षणे सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना, त्यापूर्वी अफूवर्गीय वेदनाशामकांची सवय न लागलेल्यांना, आणि पाच किंवा त्याहून कमी वेळा दुर्बिणीचे उपचार झालेल्यांना आराम जास्त मिळतो. यामागचे कारण पहिल्या उत्तरात आले आहे. दुखणे नळीतून मज्जातंतूंत आणि तेथून मेंदूत मुरले, की नळी कितीही मोकळी केली तरी ते पूर्ण जात नाही.

'हा आजार शेवटी आपोआप जळून जातो, मग दुखायचे थांबते' असे काही रुग्णांना सांगितलेले असते. काहींच्या बाबतीत तसे घडतेही. पण ते कोणाच्या बाबतीत आणि किती वर्षांनी घडेल हे आधी सांगता येत नाही, आणि त्या आशेवर आठ-दहा वर्षे ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकावर काढणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

ट्रॅमाडॉल घेतल्याशिवाय झोप येत नाही. ते बंद केल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही का?

तशी अट नसते, आणि घरच्या घरी एकदम बंद तर मुळीच करू नये. पण किती गोळ्या लागतात हे डॉक्टरांना खरे सांगावे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. त्यामुळे काही रुग्ण दोन-तीन दुकानांतून गोळ्या मिळवतात आणि संकोचाने आकडा लपवतात. या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, पोट फुगते, आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्या स्वतःच पोटदुखी वाढवू शकतात. अशा वेळी दुखणे स्वादुपिंडाचे किती आणि गोळ्यांचे किती, हे वेगळे काढल्याशिवाय शस्त्रक्रिया करणे हिताचे नसते.

प्रक्रियेपूर्वी औषधांनी काय साधून घ्यावे?

दारू आणि बिडी-सिगारेट बंद करणे हे पहिले. धूम्रपान हे स्वतंत्र कारण आहे. दारू सोडली पण सिगारेट चालू, हा अर्धवट उपाय झाला. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी प्रीगॅबलिनसारखी औषधे काहींना उपयोगी पडतात. त्यांनी गुंगी येते, म्हणून ती रात्री सुरू करतात. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समधील १२७ रुग्णांच्या अभ्यासात दुखण्याचे दिवस स्पष्टपणे कमी झाले. २०१२ मधील ब्रिटनच्या अभ्यासात काही फरक दिसला नाही. तेथील रुग्णांत दारूमुळे झालेला आजार अधिक होता, आपल्याकडे तसे नसते. त्यामुळे सहा महिने देऊन पाहण्यास हरकत नाही, असे आम्हाला वाटते.

पाचकरसाच्या कॅप्सूल दुखणे थांबवण्यासाठी फारशा उपयोगी नसतात. त्या अन्न पचवण्यासाठी असतात. तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारे शौच होत असेल किंवा वजन घटत असेल तर त्या लागतातच. बरेच जण त्या जेवण झाल्यावर इतर गोळ्यांबरोबर गिळतात आणि 'गुण येत नाही' म्हणतात. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यावी, आणि जास्त सांगितल्या असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्ये. भीतीने तेल-तूप पूर्ण तोडून नुसत्या मऊ भातावर राहिलेला रुग्ण शस्त्रक्रियेला येतो तेव्हा अशक्त असतो, आणि अशक्त शरीराची जखम लवकर भरत नाही.

पाठीमागच्या नसांत इंजेक्शन देऊन दुखणे थांबवता येते का?

एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या, म्हणजे तोंडावाटे आत घातलेल्या दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीच्या, साहाय्याने पोटातील मज्जातंतूंच्या जाळ्याभोवती बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड सोडता येते. सुमारे निम्म्या जणांना त्याने काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो. नंतर दुखणे परत येते. कर्करोगात ज्याप्रमाणे अल्कोहोल टोचून मज्जातंतू कायमचे निकामी करतात, तसे या आजारात सहसा करत नाहीत. लग्नकार्य किंवा परीक्षा पार पडेपर्यंतचा मधला काळ निभावण्यास हे इंजेक्शन ठीक आहे.

माझी नळी फुगलेलीच नाही, तरी असह्य दुखते. मग काय?

हा सर्वांत कठीण गट आहे. तुंबलेले काही नसल्याने मोकळे करण्यासारखेही काही नसते, आणि अशा रुग्णात 'एकदा स्टेंट टाकून बघू' म्हणून केलेली ईआरसीपी लाभापेक्षा हानी जास्त करते. आधी दुखण्याचे दुसरे कारण शोधावे: जठरातील व्रण, पित्ताशयाचे खडे, पित्तनळी आकसणे, पाण्याची गाठ, औषधांनी आलेला बद्धकोष्ठ. त्यानंतर वेदनाव्यवस्थापन करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. डोक्यात सूज असेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय अजूनही उरतो.

पूर्ण स्वादुपिंड काढून त्यातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच रुग्णाच्या यकृतात सोडण्याची एक शस्त्रक्रिया आहे. ती प्रथम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९७७ मध्ये झाली. आनुवंशिक आजार असलेल्या निवडक, बहुधा तरुण रुग्णांसाठी ती असते. तिच्यानंतर बहुसंख्य प्रौढांना इन्शुलिन घ्यावे लागतेच, आणि मागे फिरण्याची सोय नसते. इंटरनेटवर वाचून तिची मागणी करणाऱ्यांना आम्ही प्रथम बाकी सगळे करून झाले आहे का, हे विचारतो.

प्रक्रियेनंतर मधुमेह आणि पचन सुधारेल का?

बहुधा नाही. ग्रंथीचा नष्ट झालेला भाग परत येत नाही. ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही तो पुढे होऊ शकतो, प्रक्रिया झाली तरी आणि न झाली तरी. दुखणे कमी झाल्याने माणूस पोटभर जेवू लागतो आणि वजन वाढते, हा मात्र खरा लाभ आहे.

मी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी सगळे संशयाने का पाहतात?

कारण पाठ्यपुस्तकांत पहिले कारण दारू असे लिहिलेले असते आणि बाहेर तेवढेच पोहोचले आहे. भारतात मात्र अनेक रुग्णांत, त्यात विद्यार्थी आणि घर सांभाळणाऱ्या बायका आल्या, दारूचा संबंधच नसतो. केरळमध्ये गेल्या शतकात असे शेकडो रुग्ण नोंदले गेले. तेव्हा टॅपिओकाच्या कंदावर, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्यावर, संशय घेतला गेला, पण तो पुढे टिकला नाही. आता अशा अनेक रुग्णांत स्पिंक-१ नावाच्या जनुकातील दोष सापडतो. केस पेपरवर 'दारूचा इतिहास' असे चुकून लिहिले गेले असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे. विम्याच्या दाव्यात त्या एका ओळीने अडथळा येऊ शकतो.

कर्करोग तर नसेल ना?

या आजारात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेक रुग्णांना तो होत नाही. दुखण्याचा नेहमीचा नमुना अचानक बदलणे, कावीळ, भूक जाऊन वजन झपाट्याने उतरणे, किंवा आटोक्यात असलेला मधुमेह एकाएकी बिघडणे, यांपैकी काही झाले तर जुन्या सीटी स्कॅनवर विसंबून प्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, नवा काढावा.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

एका ईआरसीपीची किंमत आणि एका शस्त्रक्रियेची किंमत अशी तुलना करू नये. लिथोट्रिप्सीच्या बैठका, पहिली ईआरसीपी, वर्षभरातील स्टेंट बदलणे, दर वेळचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळे एका बाजूला मांडावे. शासकीय योजनेत कोणती प्रक्रिया बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे आणि शिधापत्रिका व आधार सोबत न्यावे. परगावी उपचार घेणार असाल, तर रात्री अचानक ताप आला किंवा दुखू लागले तर जवळ कोण पाहील, हे आधीच ठरवावे. शेजारच्या तालुक्यात ईआरसीपी करणारे कोणी नसेल, तर पाच वेळा स्टेंट बदलण्यापेक्षा एक शस्त्रक्रिया सोयीची ठरू शकते, आणि हे कारण वैद्यकीय कारणाइतकेच वजनदार आहे.

कोणत्या वेळी विचार करत न बसता तातडीने जावे?

तापासह कावीळ, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, पाणीही न टिकणारी उलटी, अथवा नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र दुखणे असल्यास. या परिस्थितीत करायची प्रक्रिया दुखण्यासाठी नसते, जीव वाचवण्यासाठी असते, आणि तिला वरची कोणतीही चर्चा लागू नाही.

तारीख ठरली आहे आणि गेले पंधरा दिवस अजिबात दुखलेले नाही. पुढे ढकलू का?

हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात फोनवर हमखास येतो. संमती दिली असली तरी भूल देईपर्यंत ती मागे घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याबद्दल कोणी रागावू नये. पण पंधरा दिवसांवरून ठरवू नये. या आजारात दोन प्रकारचे दुखणे असते: एक अधूनमधून येणारे, ज्याच्या दोन झटक्यांत महिनोन्‌महिने काही होत नाही; दुसरे रोजचे, कमी-जास्त होत राहणारे, पण कधीच पुरते न थांबणारे. पहिल्या प्रकारात झटका वर्षाला एखादाच येत असेल, तर थांबणे बऱ्याचदा योग्य असते. दुसऱ्या प्रकारात पंधरा दिवसांची विश्रांती म्हणजे नुसती उसंत असू शकते.

यासाठी वहीचा उपयोग होतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी शाळेच्या दोनशे पानी वहीत सात महिने नोंद ठेवली होती: रोज एक ओळ, शून्य ते दहातला आकडा, किती गोळ्या, पाळी भरली की खाडा. असा फोन त्यांनीही केला होता. आम्ही त्यांना वही घेऊन बोलावले आणि मागची पाने त्यांनाच वाचायला सांगितली. फेब्रुवारीत सोळा दिवस शून्य होते. मार्चमध्ये अकरा खाडे. मेमध्ये पुन्हा बारा दिवस शून्य, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयाचा शिक्का. त्यांनी वही मिटली, बायकोकडे पाहिले आणि दाखल व्हायला किती वाजता यायचे ते विचारले.